‘काइंड ऑफ ब्लू’ आवडला, ‘अ लव्ह सुप्रीम’मध्ये हरवले. आता पुढे काय ऐकू?

नवखी

नमस्कार. जॅझमधलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करते.

दोन महिन्यांपूर्वी माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हाती लागला. तेव्हापासून रात्री सगळं आवरलं की दिवा बारीक करून तोच लावते. का आवडतो ते सांगता येणार नाही, पण एखाद्या रात्री नाही ऐकला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं. मग भेटेल त्याला विचारत सुटले, आता पुढे काय? दहातल्या आठ जणांनी जॉन कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ सांगितला. तीनदा लावला. पहिली चार-पाच मिनिटं बरं चाललेलं असतं, मग सगळे एकदम बोलायला लागतात आणि मी आपली दारातच उभी, चप्पल काढू की नको अशी.

माझं ऐकणंच चुकतंय का? लक्ष नेमकं कशाकडे द्यायचं असतं? ‘मरण्याआधी ऐकायलाच हवेत असे शंभर अल्बम’ छापाच्या याद्या कृपा करून देऊ नका. तशा चार साठवल्या आहेत, त्या नुसत्या बघूनच दमायला होतं. जुन्या ऐकणाऱ्यांपैकी कोणी स्वतःचं आवडतं, आणि ते का आवडतं, असं सांगाल का?

घासलेली सुई

ऐकणं अजिबात चुकत नाहीये. ज्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे त्याच्याकडे बघताय, एवढंच. जॅझमध्ये मोठी अक्षरं बऱ्याचदा चकवतात. कव्हर उलटायचं आणि मागची बारीक अक्षरं वाचायची. चाळीस वर्षं ऐकतोय, आणि आजही एखादी रेकॉर्ड घ्यायची की नाही हे मी बासवर कोण आणि ड्रम्सवर कोण हे बघून ठरवतो. पुढे उभं राहून फुंकणारा कोण, ते नंतर.

ही अक्कल उशिरा आली आणि एका कॅसेटपायी आली. कॉलेजात असताना मित्राने ‘काइंड ऑफ ब्लू’ कॉपी करून दिली. कॅसेटच्या कागदावर बॉलपेनने फक्त ‘माइल्स’. गाण्यांची नावं नाहीत, वाजवणाऱ्यांची नाहीत. आत दोन सॅक्सोफोन आहेत एवढं कळत होतं. एक गोलसर, हसरा, ब्लूजमध्ये मस्त लोळणारा. दुसरा कोरडा, एकाच जागी दहा बाजूंनी खणणारा. कोल्ट्रेन हे नाव कानावर होतं, तो थोर आहे हेही माहीत होतं. म्हणून मी परस्पर ठरवून टाकलं की तो हसरा म्हणजेच कोल्ट्रेन. दोन-अडीच वर्षं लोकांना छाती काढून सांगत होतो, कोल्ट्रेनच्या वाजवण्यात काय गोडवा आहे म्हणून! तो कॅननबॉल ॲडर्ली होता. खरं कव्हर हातात आलं त्या दिवशी मागची बाजू तीनदा वाचली, आणि नंतर बरेच दिवस जॅझचा विषय कुणाकडे काढला नाही.

त्याच कॅसेटची आणखी एक गंमत. माझ्याकडे एक जुनी गिटार होती. तिच्या जाड तारांवर ‘सो व्हॉट’मधली बासची ओळ बसवायचा नाद लागला. गिटार नीट लावलेली, तरी जुळेना. कॅसेटचा सूर किंचित वर. मग मी तारा ओढून तिच्याशी जुळवून घेतल्या. पहिली तिन्ही गाणी बसली. कॅसेट उलटली, ‘ऑल ब्लूज’ सुरू झालं, आणि आता माझीच गिटार वर! मित्राच्या डेकला मनसोक्त शिव्या घातल्या. डेक बिचारा निर्दोष होता. २ मार्च १९५९ च्या सत्रात मुख्य टेप ज्या मशीनवर घेतली ते मशीन जरा सावकाश फिरत होतं. त्यामुळे ती टेप योग्य वेगाने वाजवली की पहिली बाजू थोडी भरभर आणि थोडी वरच्या सुरात येते. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती ठीक आहे. तीसेक वर्षं जगभर अशीच विकली गेली, १९९० च्या दशकातल्या आवृत्त्यांत दुसऱ्या टेपवरून दुरुस्ती झाली. तुम्ही ऐकताय ती बहुधा दुरुस्त केलेलीच असणार. मला मात्र अजून ती तीन गाणी जरा खाली बसल्यासारखी वाटतात. सवय.

तर आज रात्री ‘सो व्हॉट’ लावा आणि माइल्सला विसरा. सुरुवातीला पियानो आणि बास अंधारात चाचपडल्यासारखे वाजतात, ठेका नाही. मग मुख्य धून येते ती बासवर, पॉल चेंबर्सच्या बोटांतून. बाकीचे दोन सुरांत नुसतं ‘हो ना’ म्हणतात. मालकाने नोकराला खुर्ची देऊन स्वतः उभं राहावं तसा प्रकार. साधारण दीड मिनिटाला माइल्सचा सोलो सुरू होतो, आणि नेमक्या त्या जागी ड्रमर जिमी कॉब सिंबलवर, म्हणजे ड्रम्सच्या पितळी थाळीवर, एक फटका मारतो. जरा जास्तच जोरात बसलाय तो. पण लगेच पुढे जाऊ नका, तो विझेपर्यंत त्याच्याबरोबर राहा. आवाज पसरतो, पातळ होत जातो, आणि त्याच्याखालून चेंबर्सची चाल एकेक पाऊल टाकत बाहेर येते. कोलंबियाचा हा स्टुडिओ म्हणजे न्यूयॉर्कच्या ३० व्या रस्त्यावरचं एक जुनं चर्च. त्या उंच छताखाली आवाज जिरायला वेळ लागतो, तो वेळही रेकॉर्डवर आला आहे.

माझ्या उजव्या कानाला आता बारीक, वरचं असं फारसं ऐकू येत नाही. त्या सिंबलचा आघात येतो, शेपूट येत नाही. तरी दर वेळी तिथे थांबतो.

पुढे एक खेळ करा. या गाण्याचं आवर्तन ३२ बारचं आहे (बार म्हणजे चार मात्रांचा एक तुकडा). १६ बार सगळे एका जागी बसलेले असतात, मग ८ बार अख्खी बैठक अर्धा सूर वर सरकते, मग ८ बार पुन्हा खाली. बासवर कान ठेवा आणि सरकलं की बोट वर करा. पहिल्या दोन आवर्तनांत चुकेल, तिसऱ्यात जमेल. एकदा जमलं की सोलो करणारा कुठेही भटकू दे, आपण घरात आहोत हे कळत राहतं. तुम्ही दारात उभ्या राहता ते एवढ्यासाठीच.

मग चेंबर्सचं बोट धरून चालायला लागा. मी दोन वर्षं दुसरं काही केलं नाही.

जानेवारी १९५७ मध्ये आर्ट पेपर नावाच्या ऑल्टो सॅक्सोफोनवाल्याने लॉस एंजेलिसमध्ये माइल्सच्या तेव्हाच्या साथीदारांना घेऊन, म्हणजे पियानोवर रेड गार्लंड, बासवर चेंबर्स आणि ड्रम्सवर फिली जो जोन्स, एका दिवसात एक अल्बम करून टाकला. नाव काय, तर ‘आर्ट पेपर मीट्स द ऱ्हिदम सेक्शन’. एकदा तरी साथीदार पुढच्या बाजूला आले! त्याच वर्षी सप्टेंबरात कोल्ट्रेनचा ‘ब्लू ट्रेन’. तो रेकॉर्ड केला रूडी व्हॅन गेल्डरने, हॅकेन्सॅकमधल्या आपल्या आईवडिलांच्या घरच्या दिवाणखान्यात. हा माणूस दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात जॅझचा अर्धा इतिहास टेपवर घ्यायचा. त्यावर ट्रंपेट वाजवणारा ली मॉर्गन १९ वर्षांचा आहे. ऐकून वाटणार नाही.

१९५९ चा ‘जायंट स्टेप्स’ लगेच ऐकाच असं म्हणणार नाही, पण त्याच्या पहिल्या गाण्यातला टॉमी फ्लॅनॅगनचा पियानो सोलो जरूर ऐका. कोल्ट्रेन त्या अवघड वळणांवरून सुसाट गेलेला असतो, आणि मागून आलेला फ्लॅनॅगन थोडं चालतो, अडखळतो, शेवटी नुसते स्वरपुंज ठेवत वाट काढतो. लोक याला हसतात. मला त्याचा फार जिव्हाळा वाटतो. पुढे १९८२ मध्ये त्याने कोल्ट्रेनच्या आठवणीत एक अख्खा अल्बम केला, त्यात हेच गाणं पुन्हा वाजवलं आणि २३ वर्षांचा हिशोब चुकता केला. त्याच ‘जायंट स्टेप्स’वर ‘मिस्टर पी.सी.’ नावाचा ब्लूज आहे. पी.सी. म्हणजे आपला पॉल चेंबर्स.

आणि माझी सगळ्यात झिजलेली रेकॉर्ड, हँक मोब्लीचा ‘सोल स्टेशन’. फेब्रुवारी १९६०. सॅक्सोफोनवर मोब्ली, पियानोवर विंटन केली, बासवर चेंबर्स, ड्रम्सवर आर्ट ब्लेकी. याद्यांमध्ये मोब्लीचं नाव वर कधीच येत नाही, कारण त्याने काही क्रांतीबिंती केली नाही. तो फक्त वाक्य सुरू करायचा आणि नीट पूर्ण करायचा. ‘रिमेंबर’ या पहिल्या गाण्यात ब्लेकी, एरवीचा गडगडाटी माणूस, किती जपून वाजवतो बघा. मोब्लीने श्वास घेतला की तेवढ्यापुरता एक छोटासा रोल करून जागा भरतो. आजारपणात मी तीन आठवडे घरी होतो तेव्हा बहुतेक हाच ऐकला. ताप, खोकला आणि मोब्ली.

मग १९६५ चा ‘स्मोकिंग ॲट द हाफ नोट’. वेस माँटगोमेरी गिटारवर, आणि त्याच्यामागे केली, चेंबर्स, कॉब. या अल्बमचं नाव थोडं खोटं आहे. पाचपैकी दोनच गाणी त्या क्लबातली, बाकीची तीन नंतर स्टुडिओत केलेली. पण त्या दोनांतलं ‘इफ यू कुड सी मी नाऊ’ लावा. आणखी काही सांगत नाही.

कव्हरच्या मागे नसलेली एक गोष्ट. ‘काइंड ऑफ ब्लू’ची दुसरी बाजू रेकॉर्ड झाली तो २२ एप्रिल चेंबर्सचा वाढदिवस होता. चोविसावा. दहा वर्षांच्या आत, ४ जानेवारी १९६९ ला, तो क्षयाने गेला. वय ३३.

आता ‘अ लव्ह सुप्रीम’. चेंबर्स इथे नाही, पण युक्ती तीच. घंटा, सॅक्सोफोन, आणि मग जिमी गॅरिसन बासवर चार सूर धरतो. शीर्षकाच्या चार अक्षरांचे चार सूर. एवढे चारच पाठ करा. तुम्ही म्हणता तिथे, पाचव्या मिनिटाच्या आसपास, कोल्ट्रेन हेच चार सूर उचलतो आणि बाराही पट्ट्यांतून फिरवून आणतो. तुम्हाला जो गोंधळ वाटतो तो एका माणसाने एकच वाक्य बारा दारांवर जाऊन म्हणण्याचा प्रकार आहे. मग माणसाच्या आवाजात तेच शब्द येतात, आणि शेवटी पुन्हा एकटा बास उरतो. तिसऱ्या भागाची सुरुवात एल्विन जोन्सच्या एकट्याच्या ड्रम्सवर आहे आणि शेवट गॅरिसनच्या एकट्याच्या बासवर. मोठी अक्षरं दोन्ही ठिकाणी गप्प. चौथ्या भागाला कोल्ट्रेनची कविता समोर ठेवा, कव्हरच्या आत छापलेली असते. तो ती सॅक्सोफोनवर अक्षरशः वाचतो, शब्दाला शब्द. ९ डिसेंबर १९६४ ला एका सत्रात त्यांनी हे सगळं वाजवलं. आपल्याला आठ-दहा वेळा लागले तर लाजायचं काही कारण नाही.

स्वरवेडी

सुईकाका, बारीक अक्षरं मान्य, पण तुमच्या एवढ्या लांबलचक प्रतिसादात एकही गाणारी बाई नाही! नवखी, तू बोटांवर बार मोजत बसण्याआधी एला फिट्झजेराल्डचा १९६० चा बर्लिनचा कार्यक्रम ऐक. ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरते. थांबत नाही. विसरले आहे हेच यमकात बसवून गायला लागते, मध्येच लुई आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढते, आणि प्रेक्षक वेडे होतात. याला ग्रॅमी मिळालं, विसरलेल्या गाण्याला! आयत्या वेळी सुचणं म्हणजे काय, हे इतकं उघड दुसरीकडे कुठे दिसणार?

आणि बिली हॉलिडे. ८ डिसेंबर १९५७ ला अमेरिकन टीव्हीवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ नावाचा कार्यक्रम झाला, त्यातलं ‘फाइन अँड मेलो’ बघच. नुसतं ऐकू नकोस, बघ. बिली उंच स्टुलावर, भोवती एकाहून एक दिग्गज. सॅक्सोफोनवाल्या लेस्टर यंगची तब्येत इतकी उतरलेली की बाकीचे उभे असताना तो बसूनच असतो. त्याची पाळी आली की उठतो आणि एकच आवर्तन वाजवतो, मोजके सूर, कुठेही घाई नाही. त्या वेळी बिलीचा चेहरा बघ. ओठ किंचित हलतात, मान डोलते. तिला ‘लेडी डे’ म्हणणारा हा, आणि त्याला ‘प्रेझ’, म्हणजे प्रेसिडेंट, म्हणणारी ती. १९५९ च्या मार्चमध्ये तो गेला, जुलैत ती.

मी हे पंचवीसेक वेळा तरी पाहिलं असेल. दर वेळी तो उठला की मी हातातलं काम खाली ठेवते.

बासवाला

वाचनखूण साठवली. तीन वर्षं डबल बास शिकतोय (म्हणजे त्याच्याशी झटापट करतोय), त्यामुळे सुईकाकांचा प्रतिसाद वाचून छाती फुगली.

माझ्याकडून एकच भर. पियानोवाल्या बिल इव्हान्सचा ट्रायो, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, रविवार २५ जून १९६१. दुपारी आणि रात्री मिळून पाच सेट झाले, आणि त्यातूनच ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हे दोन अल्बम निघाले. बासवर स्कॉट लफारो. तो चेंबर्ससारखा खाली जमीन घालत नाही, पियानोच्या मध्ये मध्ये बोलतो, प्रश्न विचारतो, वाक्य तोडतो. ड्रमर पॉल मोशनचे ब्रश दोघांच्या मधून वाट काढत असतात. मागे ग्लासांची किणकिण, लोकांच्या गप्पा. आपण आज जीव मुठीत धरून ऐकतो ते, आणि तिथे समोर बसलेली मंडळी हसतायत! पूर्ण संचात पहिलंच गाणं वीज गेल्यामुळे मध्ये तुटतं, तेही तसंच ठेवलंय. ते गाणं लफारोचंच, ‘ग्लोरियाज स्टेप’. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. २५ वर्षांचा होता.

सुईकाकांना एक प्रश्न, जरा भीत भीत. चेंबर्सचे गजाने वाजवलेले सोलो तुम्हाला खरंच आवडतात? आमचे सर म्हणतात, ते ऐकू नकोस, कान बिघडेल.

चौथा कोरस

सगळं १९५५ ते १९६५. जॅझ तिथेच मेला की काय? माइल्सच्याच ‘बिचेस ब्रू’चं नाव कोणी काढेल म्हणून वाट बघत होतो. ऑगस्ट १९६९, तीन दिवस, कधी तीन-तीन इलेक्ट्रिक पियानो, दोन-दोन बास, आणि नंतर निर्माता टिओ मसेरोने टेप कापून जोडून उभी केलेली गाणी. सुईकाकांचा ‘बास कोण’ हा नियम तिथे लावून दाखवा.

घासलेली सुई

स्वरवेडी, चूक कबूल. ‘फाइन अँड मेलो’बद्दल एक अक्षर जास्त बोलणार नाही, तुम्ही सगळं सांगितलंत. पण एलाच्या बाबतीत सवय जात नाही हो. ती शब्द विसरली तेव्हा मागे गस जॉन्सन ड्रम्सवर, विल्फ्रेड मिडलब्रुक्स बासवर, पॉल स्मिथ पियानोवर आणि जिम हॉल गिटारवर होता. पुन्हा ऐका: एकही जण चपापत नाही. बाई दोर सोडून उडी मारते, खाली जाळं जिथल्या तिथे.

यावरून आठवलं. ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद, न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, ७ जुलै १९५६. ‘डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू’मध्ये पॉल गोन्साल्व्हिसने टेनर सॅक्सोफोनवर २७ आवर्तनं वाजवली. बारा बारचा ब्लूज, म्हणजे ३२४ बार एका दमात. लोक खुर्च्यांवर चढले, एक बाई नाचायला लागली, गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण रंगमंचाच्या कडेला काउंट बेसीचा जुना ड्रमर जो जोन्स बसला होता आणि गुंडाळलेलं वर्तमानपत्र आपटून एलिंग्टनच्या माणसांना चेव देत होता. कार्यक्रम दुसऱ्याचा, ड्रम्सही दुसऱ्याचे, हाती फक्त पेपर! मी ही रेकॉर्ड लावतो ती त्या पेपरसाठी. शिवाय गोन्साल्व्हिस चुकून भलत्याच, व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओच्या माइकसमोर उभा राहून वाजवत होता, त्यामुळे जुन्या एलपीवर तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येतो. १९९० च्या दशकात ती रेडिओची टेप सापडली आणि १९९९ ची आवृत्ती दोन्ही टेप जोडून निघाली. तीच घ्या. जुन्या एलपीवरचा बराच भाग तर नंतर स्टुडिओत वाजवून त्यावर टाळ्या चिकटवलेला होता.

बासवाला, तुमच्या सरांचं अर्धं बरोबर आहे. चेंबर्सचा गज घासतो, आणि सूर कधीकधी जागेवरून हलतो. मला आवडतो का? ‘बास ऑन टॉप’ हा १९५७ चा त्याचा स्वतःचा अल्बम. पहिलंच गाणं, ‘यस्टरडेज’, पूर्ण गजाने वाजवलंय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लाकूड कापतायत असं वाटलं. पंधरा-वीस वेळा ऐकल्यावर कळलं की तो त्या आवाजात सॅक्सोफोनसारखी वाक्यं बोलू बघतोय, आणि वाद्य त्याला तसं करू देत नाहीये. ती ओढाताण मला आवडते. सूर शिकायला मात्र सरांचंच ऐका.

लफारोबद्दल तक्रार नाही. फक्त त्याच्यानंतर प्रत्येक बासवाल्याला सतत बोलायची हौस आली, आणि जमीन कोणी घालायची हा प्रश्न उरला. तुम्ही घालायला शिका. काम कायम मिळेल.

चौथा कोरस, हरलो. ‘बिचेस ब्रू’ मी सहा-सात वेळा मनापासून लावला, बासवर डेव्ह हॉलंड आणि हार्वी ब्रूक्स आहेत हेही पाठ केलं, आणि दर वेळी दुसऱ्या बाजूला डोळे मिटले. दोष माझा. पण तुमच्या पुढच्या काळातली एक गोष्ट माझ्या कपाटात मानाने उभी आहे. १९६८ चा, पियानोवाल्या चिक कोरियाचा ‘नाऊ ही सिंग्ज, नाऊ ही सॉब्ज’. का, तर ड्रम्सवर रॉय हेन्स. हा माणूस लेस्टर यंगबरोबर वाजवला, चार्ली पार्करबरोबर वाजवला, कोल्ट्रेनबरोबर वाजवला, आणि २०२४ मध्ये गेला तेव्हा ९९ वर्षांचा होता. कोरियाच्या त्या अल्बमवर त्याची सपाट आवाजाची सिंबल ऐका: टिक, टिक, शेपूट जवळजवळ नाहीच. माझ्या उजव्या कानाची सोयच झाली म्हणा.

आणि डेव्ह ब्रुबेकच्या ‘टेक फाइव्ह’बद्दल, कीथ जॅरेटच्या एकट्याच्या पियानोच्या ‘कोल्न कॉन्सर्ट’बद्दल कोणी विचारायच्या आत सांगून टाकतो. पहिल्यात जो मोरेलोच्या ड्रम्सपुरता थांबतो, दुसऱ्याची हकीकत, म्हणजे खराब पियानोवर वाजवावं लागल्याची, मला संगीतापेक्षा जास्त आवडते. यावर वाद घालणार नाही.

नवखी

सगळ्यांचे मनापासून आभार! चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण ऐकत होते.

स्वरवेडी, ते बिली हॉलिडेचं पाहिलं. लेस्टर यंग उठला तेव्हा मीही उभी राहिले, का ते माहीत नाही.

सुईकाका, सिंबल सापडली. इतके दिवस तो फटका ऐकत होते पण तो जातो कुठे हे कधी बघितलं नव्हतं. मी दहा सेकंद मोजले, मग बासच्या पावलांत ती कुठे संपली ते कळलंच नाही. बोट वर करायचा खेळ परवा जमला, म्हणजे तिसऱ्या नाही, सहाव्या आवर्तनात. ‘अ लव्ह सुप्रीम’ अजून पूर्ण नाही झाला, पण ते चार सूर आता भांडी घासतानाही डोक्यात असतात, आणि बारा दारांच्या जागी मी दारात नव्हते. ओसरीवर म्हणा.

एक शंका आहे, वेडगळ वाटली तर सोडून द्या. बास आणि ड्रम्सवर कान ठेवायचा म्हणून ‘काइंड ऑफ ब्लू’ पुन्हा पुन्हा लावला, तर दुसऱ्या गाण्यात, ‘फ्रेडी फ्रीलोडर’मध्ये, मला पियानो वेगळा वाटायला लागला. पहिल्या गाण्यातला पियानोवाला कसा, दिवा मंद करून बसल्यासारखा वाजवतो. दुसऱ्यातला पाय आपटत येतो, जरा खोडकर, ठेक्यात मजा घेणारा. तिसऱ्यात परत तो पहिला. एकाच माणसाने असं दोन स्वभावांनी वाजवलंय, की मला भास होतोय? मी फोनवर ऐकते, त्यावर मागची बारीक अक्षरं काही दिसत नाहीत.

घासलेली सुई

भास नाही. विंटन केली. अख्ख्या अल्बमवर त्या एका गाण्यापुरताच, बाकी सगळीकडे बिल इव्हान्स.

मला हे कव्हर वाचून कळलं होतं.